मुंग्यांच्या पडद्याआड

जुना टीव्ही चित्र एका दमात काढत नसे. डावीकडून उजवीकडे एकेक ओळ आखत तो खाली यायचा, आणि ओळ कुठून सुरू करायची हे त्याला सिग्नलमधला एक बारीकसा ठोका सांगायचा. अ‍ॅनालॉग केबलच्या काळात पैसे न भरलेल्या घरापासून एखादं चॅनल लपवायचं, तर पुष्कळ कंपन्या हा ठोका दाबून टाकत. ओळीची सुरुवात सापडेनाशी झाली की चित्र तिरकं व्हायचं, पट्ट्यापट्ट्यांनी फाटायचं, रंग उलटेपालटे व्हायचे, मधूनच मुंग्या यायच्या. पैसे भरलेल्या घरातला डबा ठोका परत घालून चित्र सरळ करायचा. पण आवाज वेगळ्या लहरीवरून यायचा आणि त्याला बहुतेक वेळा कुणी हात लावलेला नसायचा. शिवाय चित्रातला एखादा गडद भाग टीव्हीला ठोक्यासारखा वाटला, तर दोन-चार सेकंद सगळं जागच्या जागी बसायचं. प्रौढांसाठीच्या चॅनलवर नेमकं हेच व्हायचं तेव्हा दिवाणखान्यात कोण बसलंय यावर पुढचं सगळं अवलंबून असायचं.

प्रौढ मनोरंजनाकडे समाज कसा बघतो, हा प्रश्न नेहमी नीती-अनीतीच्या दारातून आत येतो. मला तो या फाटक्या चित्रातून बघणं जास्त उपयोगाचं वाटतं, कारण या चित्रामुळे लोक काय बोलतात आणि प्रत्यक्षात काय करतात, याची एकदा चक्क मोजदाद झाली.

अमेरिकेत १९९६ च्या दूरसंचार कायद्यात या झिरपणाऱ्या सिग्नलसाठी दोन कलमं होती. ५०४ वं कलम साधं होतं. ग्राहकाने नको म्हटलं की केबल कंपनीने त्याच्या घरापुरतं ते चॅनल पूर्ण बंद करायचं, तेही फुकट. त्यासाठी खांबावरून घरात येणाऱ्या वायरीवर बोटाएवढी धातूची नळकांडी बसवता यायची. तिला ट्रॅप म्हणत आणि ती फक्त त्या एका चॅनलची लहर अडवायची. ५०५ वं कलम कडक होतं. मुख्यतः लैंगिक कार्यक्रम दाखवणारं चॅनल एकतर सगळ्यांसाठी पूर्ण झाकायचं, नाहीतर रात्री १० ते सकाळी ६ एवढ्याच वेळात चालवायचं. पूर्ण झाकण्याचं तंत्र महाग असल्याने बऱ्याच कंपन्यांनी वेळेचं बंधन पत्करलं. म्हणजे ज्याने स्वखुशीने पैसे मोजले होते त्यालाही दिवसाचे सोळा तास ते चॅनल मिळेना. असे कार्यक्रम बघण्यापैकी ३० ते ५० टक्के बघणं रात्री १० च्या आधी होत होतं, हा तपशीलही पुढे कोर्टात नोंदला गेला.

कडक कलमाला सुरुवातीलाच स्थगिती मिळाली आणि ती उठेपर्यंत सुमारे १४ महिने साधं कलम एकटंच लागू राहिलं. या काळात किती ग्राहकांनी चॅनल बंद करून मागितलं? अर्धा टक्कासुद्धा नाही.

त्या अर्ध्या टक्क्याचा अर्थ काय लावायचा, यावर खटला देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि मे २००० मध्ये ५ विरुद्ध ४ अशा निसटत्या मताने कडक कलम रद्द झालं. न्यायमूर्ती केनेडी यांनी लिहिलेल्या बहुमताचं म्हणणं असं, की घरोघरी बंद करण्याचा सौम्य उपाय उपलब्ध असताना सरकारने सगळ्यांवर बंधन घालू नये, आणि सौम्य उपाय चालत नाही हे दाखवण्याची जबाबदारी सरकारची आहे. विरोधी मत लिहिणाऱ्या न्यायमूर्ती ब्रायर यांना आईबाप कामावर असताना घरी एकटी असणारी मुलं दिसत होती. फुकटची सोय कुणी मागितली नाही म्हणून ती कुणाला नकोच होती, असं त्यांना म्हणवेना.

दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे, म्हणून हा आकडा इतका मोलाचा. सोय आहे हे लोकांना माहीत नव्हतं, हे एक कारण असू शकतं. बिलाच्या पाकिटातला बारीक अक्षरांतला कागद कोण वाचतं? दुसरं कारण, त्या तिरक्या चित्राचा लोकांना वाटलं होतं तेवढा त्रास होतच नसेल. तिसऱ्या कारणाबद्दल फारसं बोललं गेलं नाही, पण मला ते सगळ्यांत खरं वाटतं. कंपनीला फोन लावून एका अनोळखी माणसापुढे त्या चॅनलचं नाव घ्यायचं, हेच लोकांना अवघड वाटत असणार. विरोध नोंदवायलासुद्धा आधी तोंडाने उच्चार करावा लागतो, आणि आपल्याला त्या शब्दाचीच लाज.

ही लाज सगळ्या पाहण्यांमध्येही शिरते. अमेरिकेतली ‘जनरल सोशल सर्व्हे’ ही पाहणी १९७३ पासून एकच प्रश्न विचारत आली आहे. पॉर्नच्या वितरणावर सगळ्यांसाठी बंदी हवी, फक्त १८ वर्षांखालच्यांसाठी हवी, की कायदाच नको? मधल्या पर्यायाला सगळ्यांत जास्त मतं मिळतात आणि कायदाच नको म्हणणारे फार थोडे असतात. आता वेगळा प्रश्न बघा. गॅलप या अमेरिकी संस्थेच्या पाहणीत पॉर्न ‘नैतिकदृष्ट्या स्वीकारार्ह’ आहे का असं विचारलं, तेव्हा २०११ मध्ये ३० टक्के हो म्हणाले, २०१८ मध्ये ४३ टक्के. म्हणजे बहुसंख्य लोकांना ते चुकीचं वाटतं, तरी मोठ्या माणसांवर बंदी घालावी असं त्यांच्यातल्याच बऱ्याच जणांना वाटत नाही. यात विसंगती नाही. ‘मला हे पटत नाही’ आणि ‘हे कुणी करूच नये’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत आणि सामान्य माणसाला त्यांतला फरक चांगला कळतो. बातमीच्या मथळ्यात मात्र दोन्ही एकच होऊन जातात.

मत विचारलं की निदान उत्तर तरी येतं. वागणं विचारलं की झाकली मूठ. समोरासमोर विचारलं तर एक आकडा येतो, माणसाने एकट्याने पडद्यावर खूण केली तर दुसरा. यावर संख्याशास्त्रात १९६५ पासून एक सुंदर तोडगा आहे. मूळ कल्पना वॉर्नर नावाच्या संशोधकाची, तिचा सोपा प्रकार असा. उत्तर देणाऱ्याने कुणाला न दाखवता नाणं उडवायचं. छापा पडला तर खरं काहीही असो, ‘हो’ म्हणायचं. काटा पडला तर खरं सांगायचं. समजा १००० जणांना विचारलं आणि ६२० ‘हो’ आले. त्यांतले सुमारे ५०० नुसत्या नाण्याचे. उरलेले १२० खरे, आणि ते खरं बोलायची पाळी आलेल्या ५०० पैकी, म्हणजे २४ टक्के. कोणाचा ‘हो’ खरा हे विचारणाऱ्यालाही कळत नाही, त्यामुळे सांगणाऱ्याची भीड चेपते. अडचण एवढीच की नाण्याच्या गोंधळामुळे अचूकता घटते आणि जास्त माणसांना विचारावं लागतं. शिवाय छापा पडूनही काही जणांच्या तोंडून ‘हो’ निघतच नाही. त्यांना खोटासुद्धा होकार नको असतो. लाज किती खोल गेलेली असते, याचा हा मला माहीत असलेला सगळ्यांत नेमका पुरावा.

कोर्टातही एकदा असंच माप काढलं गेलं. अमेरिकेत १९७३ पासून अश्लीलता ठरवताना ‘त्या समाजाची प्रचलित मापं’ बघतात. युटा राज्यातल्या एका अतिशय धार्मिक परगण्यात व्हिडिओ दुकान चालवणाऱ्या माणसावर याच कसोटीवर खटला भरला गेला होता. त्याच्या वकिलाने समाजाचं माप दाखवायला प्रवचनं किंवा पाहण्या आणल्या नाहीत. त्याने कोर्टासमोरच्याच हॉटेलातल्या खोल्यांमध्ये पैसे देऊन बघितले जाणारे सिनेमे आणि त्याच परगण्यातल्या केबल व सॅटेलाइट ग्राहकांची खरेदी यांची आकडेवारी मांडली. दुकानात जेवढा माल खपत होता, त्याहून किती तरी जास्त शेजारीपाजारी घरात बसून विकत घेत होते. २००० च्या सुमारास ज्यूरीने त्याला निर्दोष सोडलं. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, या म्हणीला इतका रोखठोक हिशेब क्वचितच मिळाला असेल.

घरात बसून बघणं आणि दुकानात जाऊन आणणं, यांत लोक फरक करतात तो उंबरठ्यामुळे. १९६९ मध्येच अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की स्वतःच्या घरात अश्लील साहित्य नुसतं बाळगणं हा गुन्हा ठरवता येणार नाही. उलट १९७८ मध्ये रेडिओच्या बाबतीत त्याच न्यायालयाने बंधन मान्य केलं. दुपारच्या एका कार्यक्रमातले शब्द गाडीत मुलासोबत असलेल्या वडिलांच्या कानावर पडले होते आणि तेवढ्या एका तक्रारीवर हे प्रकरण उभं राहिलं. रेडिओ न बोलावता घरात शिरतो आणि मुलांच्या हाती सहज लागतो, हा त्यातला मुद्दा. केबल या दोन्हींच्या मधोमध. ती आपण बोलावतो, दरमहा पैसे भरतो, पण एकदा आली की रिमोट घरातल्या कुणाच्याही हातात. म्हणून १९८४ च्या केबल कायद्याने कुलपाची सोय सक्तीची केली. ग्राहकाने मागितलं की चॅनल अडवणारं यंत्र कंपनीने विकत किंवा भाड्याने द्यायचं. ब्रिटनने वेगळी वाट धरली. तिथे सशुल्क वाहिनीवर, रात्री १० ते पहाटे ५.३० या वेळेत आणि सक्तीच्या पिनमागेच असे कार्यक्रम दाखवता येतात. कुलूप मागावं लागत नाही, ते लागलेलंच असतं.

१९९७ मध्ये इंटरनेटची पाळी आली तेव्हा न्यायालयाला वाटलं की हे माध्यम रेडिओसारखं अंगावर येत नाही. माणूस काही पावलं टाकून तिथे जातो, चुकून क्वचितच पोचतो. त्या वर्षी ते खरंही होतं. पत्ता टाइप करा, मोडेमची कुरकुर ऐका, वरून खाली इंचाइंचाने उतरणारं चित्र बघा. आज आपोआप सुरू होणाऱ्या व्हिडिओंची रांग बोटाखाली सरकत असते आणि पुढे काय येणार हे गणित ठरवतं. इंग्लंडच्या बालहक्क आयुक्तांनी जानेवारी २०२३ मध्ये १६ ते २१ वयाच्या मुलामुलींची पाहणी प्रसिद्ध केली. पॉर्न पहिल्यांदा पाहण्याचं सरासरी वय निघालं १३. कुठे पाहिलं याच्या उत्तरात ४१ टक्क्यांनी ट्विटर सांगितलं, तर खास पॉर्नच्या संकेतस्थळांचं नाव ३७ टक्क्यांनी घेतलं. पालकांची, पुढाऱ्यांची आणि अग्रलेखांची सगळी तटबंदी त्या ३७ टक्क्यांच्या वेशीवर उभी आहे.

बंदीच्या यादीचं तेच होतं. भारतात ऑगस्ट २०१५ च्या सुरुवातीला ८५७ संकेतस्थळं अडवली गेली. ओरड झाली आणि काही दिवसांतच आदेश मागे घेऊन बंदी लहान मुलांच्या लैंगिक चित्रणापुरती ठेवली गेली. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर पुन्हा ८२७ संकेतस्थळांची यादी निघाली. यादी नावांची असते, आणि नाव बदलायला काही मिनिटं पुरतात. शिवाय हल्लीची बहुतेक देवाणघेवाण कुलूपबंद असते. इंटरनेट कंपनीला संकेतस्थळाचं नाव कळतं, आतलं पान कळत नाही. त्यामुळे अडवायचं तर अख्खं संकेतस्थळ, नाहीतर काहीच नाही.

घरच्या घरी फिल्टर लावणाऱ्यांनी हे मनात ठेवावं. सर्वांत सोपी रीत म्हणजे राउटरच्या सेटिंगमध्ये डीएनएसचा, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचं ठिकाण शोधून देणाऱ्या सेवेचा, पत्ता बदलणं. क्लाउडफ्लेअर या कंपनीचा कुटुंबासाठीचा पत्ता १.१.१.३ आहे आणि जोडीचा १.०.०.३. दोन्ही भरायचे, जतन करायचं, राउटर बंद करून चालू करायचा. पाच मिनिटांचं काम. ते फसतं ते ठरलेल्या ठिकाणी. राउटरमध्ये आयपीव्ही६ चे, म्हणजे नव्या पद्धतीच्या इंटरनेट पत्त्यांचे, रकाने वेगळे असतात आणि तिथे जुनाच पत्ता राहून जातो. काही ब्राउझर स्वतःचं सुरक्षित डीएनएस वापरतात आणि राउटरला विचारतच नाहीत. ते ब्राउझरच्या गोपनीयतेच्या सेटिंगमध्ये जाऊन बंद करावं लागतं. राउटरचा पासवर्ड कंपनीने दिलेलाच राहतो. मुलाने मोबाइल डेटा चालू केला की राउटर बाजूलाच पडतो. आणि समाजमाध्यमाच्या अ‍ॅपमधलं काहीही यात अडत नाही, कारण अ‍ॅपला परवानगी म्हणजे त्यातल्या सगळ्याला परवानगी. उलट बाजूने फिल्टर नको ते अडवतात. स्तनांच्या कर्करोगाची माहिती, पाळीबद्दलचे प्रश्न, लैंगिक अत्याचार झालेल्यांसाठीची मदत अशा गोष्टी शब्दांवरून अडल्याच्या तक्रारी फिल्टरांइतक्याच जुन्या आहेत. म्हणून फिल्टर लावल्यावर मुलांना तो आहे हे सांगावं, आणि अभ्यासाचं किंवा तब्येतीचं काही अडलं तर न लाजता सांगायला कुणाकडे यायचं, हेही सांगावं. चोरून लावलेला फिल्टर दोन्हीकडून निकामी होतो.

ब्रिटनमध्ये २०१४ साली चार मोठ्या कंपन्यांच्या नव्या ग्राहकांना असा फिल्टर हवा का, असं विचारण्यात आलं. तीन कंपन्यांत ४ ते ८ टक्के हो म्हणाले, चौथीत ३६. देश तोच, माणसं तशीच. १४ महिन्यांतला तो अर्धा टक्का इथे पुन्हा भेटतो. इंटरनेटवरच्या घाणीबद्दल चारचौघांत तावातावाने बोलणारे स्वतःच्या घरातली खूण करत नाहीत. मी याला ढोंग म्हणणार नाही. घरात मोठी माणसंही असतात आणि त्यांना स्वतःसाठी दार बंद करायचं नसतं. मुलांसाठी वेगळी आणि मोठ्यांसाठी वेगळी अशी दोन दारं एकाच राउटरवर करणं जमतं, पण ते शिकवायला कुणी येत नाही.

मग दार संकेतस्थळावरच बसवायचं ठरलं. लुईझियाना राज्यात जानेवारी २०२३ पासून वयाची पडताळणी सक्तीची झाली. टेक्ससचा तसाच कायदा जून २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी उचलून धरला. ब्रिटनमध्ये २५ जुलै २०२५ पासून ती लागू झाली आणि लगेच तिथल्या अ‍ॅप स्टोअरच्या यादीत व्हीपीएन, म्हणजे आपण कुठून जोडलो आहोत हे लपवणारी अ‍ॅप, सर्वांत वर गेली. ‘मी १८ वर्षांचा आहे’ यावर टिचकी मारणं म्हणजे पडताळणी नव्हेच. खऱ्या रीती तीन-चार आहेत. ओळखपत्र, क्रेडिट कार्ड, मोबाइल कंपनीकडची नोंद, किंवा चेहऱ्यावरून वयाचा अंदाज. चेहऱ्याचा अंदाज दोन-चार वर्षांनी चुकतो, म्हणून रेघ १८ वर न ठेवता थोडी वर ठेवतात आणि मधल्यांकडून ओळखपत्र मागतात. त्यामुळे विशी-बाविशीतल्यांना सगळ्यांत जास्त त्रास. मला यातली एकच रचना पटते. वय तपासणाऱ्याला तुम्ही कुठे चालला आहात हे कळू नये आणि संकेतस्थळाला तुम्ही कोण हे कळू नये, दोघांमध्ये फक्त ‘१८ पूर्ण’ एवढीच चिठ्ठी फिरावी. ओळखपत्राची प्रत आणि बघण्याची सवय एकाच कपाटात ठेवली, तर ते कपाट फुटेल त्या दिवशी लोकांची आयुष्यं उघड्यावर येतील.

एवढ्या सगळ्या वादात एक माणूस बहुतेक वेळा गैरहजर राहिला आहे. चित्रातला. समोर कोण बसलंय आणि काय दिसतंय, यावर आपण चाळीस वर्षं भांडलो. दिसणाऱ्या व्यक्तीने हो म्हटलं होतं का, हे फार उशिरा विचारलं. केबलच्या काळात निर्माता ठाऊक असायचा. अमेरिकेत १९८८ च्या कायद्याने कलाकारांच्या वयाच्या नोंदी ठेवणं त्याच्यावर बंधनकारक केलं. कुणीही काहीही चढवू शकेल अशी संकेतस्थळं आली आणि ती साखळीच तुटली. डिसेंबर २०२० मध्ये पॉर्नहबने ओळख न पटवलेल्या खात्यांवरचे लाखो व्हिडिओ, म्हणजे संग्रहाचा मोठा भाग, एका झटक्यात काढला. तो कुठल्या संस्कृतिरक्षक मोर्चामुळे नाही. संमतीशिवाय आणि अल्पवयीनांचं चित्रण तिथे असल्याचं वृत्तपत्रात आलं आणि व्हिसा व मास्टरकार्डने पैशाचे व्यवहार थांबवले.

ज्या मुलीचा व्हिडिओ तिला न विचारता पसरवला जातो, तिला लोक विचारतात, ‘तू काढू कसा दिलास?’ पसरवणाऱ्याला कुणी असं विचारत नाही. या विषयातली सगळी लाज आपण नेमकी तिच्या खांद्यावर ठेवली आहे, आणि मला याचा मनापासून राग येतो. आता तर तिने काहीच काढू दिलेलं नसतं. चेहऱ्याचा एक साधा फोटो घेऊन यंत्राकडून बाकीचं बनवलं जातं.

अशा वेळी करायच्या गोष्टी ठरलेल्या आहेत आणि त्यांचा क्रमही. आधी पुरावा. पान दिसतंय तसा स्क्रीनशॉट, त्यात पूर्ण पत्ता, खात्याचं नाव, तारीख आणि वेळ. चित्र अल्पवयीन व्यक्तीचं असेल तर स्क्रीनशॉट काढू नये आणि कुणाला पाठवू नये, नुसता पत्ता आणि वेळ लिहून थेट पोलिसांकडे जावं. मग त्या संकेतस्थळावर तक्रार. भारताच्या २०२१ च्या नियमांनी खासगी लैंगिक चित्रणाच्या तक्रारीवर कारवाईसाठी २४ तासांची मुदत घातली होती, ती फेब्रुवारी २०२६ मध्ये २ तासांवर आणली गेली. अमेरिकेत मे २०२५ मध्ये सही झालेल्या कायद्यात ती ४८ तासांची आहे. त्यानंतर स्टॉपएनसीआयआय, म्हणजे न विचारता पसरवलेली खासगी चित्रं रोखण्याची ऑनलाइन सोय. डिसेंबर २०२१ पासूनची ही सोय १८ पूर्ण झालेल्यांसाठी आहे. १८ वर्षांखाली काढलेल्या चित्रांसाठी ‘टेक इट डाउन’ नावाची वेगळी सोय आहे. दोन्हींत चित्र कुणाकडे पाठवावं लागत नाही. फोनवरच त्याचा अंकांचा ठसा, म्हणजे हॅश, तयार होतो आणि तेवढाच बाहेर जातो. सहभागी कंपन्या तो ठसा आपल्याकडच्या चित्रांशी पडताळून बघतात. चित्र बरंच कापलं किंवा बदललं की ठसा जुळत नाही, म्हणून जेवढ्या आवृत्त्या हाती असतील तेवढ्यांचे ठसे द्यावेत. सहभागी नसलेल्या संकेतस्थळांवर आणि बंद गटांत याचा उपयोग नाही.

घाबरलेलं माणूस पहिली गोष्ट करतं ती फोनमधली फाइल पुसण्याची. ती थोडी थांबवावी. फाइल गेली की ठसा काढायला काही उरत नाही.